शिसवातली गोदी

लातुरात त्या काळी जी लग्नं लागली, त्यांतल्या निम्म्याअधिक घरच्या हंड्या-कळशांवर माझ्या वडिलांच्या हातची अक्षरं सापडतील. अण्णा गंजगोलाईच्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. मांडीत पातेलं दाबून धरायचं, डाव्या हातात पोलादी कलम, उजव्या हातात बोटभर हातोडी, आणि ठिपक्याला ठिपका लावत ‘अमक्यांकडून सप्रेम भेट’ उमटवत जायचं. लग्नसराईत दुकानातलं काम पुरं व्हायचं नाही म्हणून पोत्यात बांधून घरी यायचं. मग सकाळी चुलीवर अंबाडीची भाजी शिजतेय, परातीत भाकरी थापली जातेय आणि त्या सगळ्यावर टकटकटक चाललेलं, असा आमच्या घराचा आवाज. माय म्हणायची, “या घरात बोलायचं तर हातोडीच्या मधनं मधनं बोलावं लागतंय.” आम्हाला भाऊ नव्हता. थोरली शांताक्का आणि धाकटी मी. आक्काचं लग्न लवकर झालं, त्यामुळं अण्णांच्या शेजारी बसायला मीच उरले. नावं अण्णा घालायचे, नावाच्या दोन्ही बाजूंना पोपट आणि वेल मी घालायची. माझे पोपट चांगले व्हायचे. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाही बाया दुकानात येऊन “त्या पोरीच्या हातचा पोपट पाहिजे” असं सांगायच्या. आता नावं मशीननं घालतात, दोन मिनिटांत. अक्षर सरळ येतं, पण त्या पोपटांची मान वळत नाही.

आमच्या मागच्या गल्लीत वीरभद्रअप्पांचा छापखाना होता. त्यांचं एक साप्ताहिक निघायचं. त्याला नाव होतं, पण लोक नुसतं ‘अप्पाचा पेपर’ म्हणायचे. पेपरात बाजारभाव, सभांच्या बातम्या, दोन जाहिराती आणि पहिल्या पानावर गोदीची गोष्ट. चाकूरचे देशमाने मास्तर ती दर आठवड्याला थोडी थोडी लिहायचे. गोदी ही गोष्टीतली सून. तिची सासू कौसल्याबाई कोठीची किल्ली कमरेला लावून फिरायची आणि सुनेला मोजून पीठ द्यायची, मोजून भाकरी. पेपर एसटीनं उदगीर, मुखेड, उमरीपर्यंत जायचा आणि जिथं जायचा तिथं एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्यांना वाचता यायचं नाही ते चित्र बघायचे. म्हणून चित्र हवंच. चित्राचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, हैदराबादेहून यायचा, म्हणजे यायचा तेव्हा यायचा. एका आठवड्यात तो आलाच नाही आणि अप्पांच्या माणसानं रिकामी जागा भरायला तपकिरीच्या जाहिरातीतला फेटेवाला तिथं लावून दिला. पुढचे आठ दिवस जो तो अप्पांना विचारायचा, गोदीला मिशा कधी फुटल्या म्हणून. बेजार होऊन ते आमच्याकडं आले आणि अण्णांना म्हणाले, “पितळंवर नावं घालताव, तर लाकडावर एक बाई घाला की.”

अण्णांनी दोन दिवस खटपट केली. त्यांचा हात अक्षरांचा. त्यांनी काढलेली गोदी बघून माय पदर तोंडाला लावून आत गेली. मग ते लाकूड माझ्याकडं आलं, आणि पुढं माझ्याकडंच राहिलं. शिसवाचं खोड आडवं कापायचं, भाकरीसारखं, म्हणजे धार कुठल्याही बाजूला फिरली तरी लाकूड चिरत नाही. उभ्या फळीवर हे जमत नाही, ते मी बोट कापून शिकले. तुकडा घासून आरशासारखा करायचा, बरोबर छापायच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या उंचीचा. शिसव काळं, त्यावर रेघ दिसत नाही, म्हणून सफेद्याचा पातळ हात द्यायचा आणि त्यावर चित्र उलटं काढायचं. मग जे काळं हवं ते राखायचं आणि बाकीचं कलमानं उपसायचं. अण्णांचं ठोकण्याचं कलम इथं चालेना. शेवटी सोनारगल्लीतून नक्षीची जुनी कलमं आणली, तीही हातोडीविना, नुसत्या तळव्यानं रेटायची. हे काम मुकं होतं. मी कोरायला बसले की घरात शांतता व्हायची आणि मायला चुकल्यासारखं वाटायचं.

शिकवायला कोण होतं? कुणीच नाही. होती ती अप्पांकडची विलायती मासिकं. निजामाच्या वेळच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातली रद्दी अप्पांनी उचलली होती, त्यात ही होती, जाड पुठ्ठ्यात बांधलेली, विलायतेच्या राणीच्या काळातली. त्यांतही दर अंकाला गोष्टीचा एकेक तुकडा आणि त्याला एकेक चित्र, सगळी लाकडात कोरलेली. मला इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. पण शेगडीपाशी मान टाकून बसलेला म्हातारा, दारात ओल्या घागऱ्यानं उभी बाई, टेबलाखाली कुत्रं, बघितलं की कळायचं, काहीतरी वाईट बातमी आलीय. गाल गोल दिसावा म्हणून रेघ कशी वळवायची, अंधार कसा दाट विणायचा, हे मी त्या पानांवर बोट फिरवून शिकले. मोठ्या चित्रांतून एक केसासारखी पांढरी रेघ आरपार गेलेली दिसायची. ते काय हे कळायला मला फार वेळ लागला. चित्र मोठं असलं की लाकडाचे दोन-चार तुकडे जोडायचे, आणि वेगवेगळी माणसं ते वेगवेगळे कोरायची. त्या सांध्याची ती रेघ. ज्या दिवशी हे माझं मला उमगलं त्या दिवशी मी अप्पांच्या छापखान्यातून घरापर्यंत पळत आले, आणि सांगायला कुणी समजणारं नव्हतं म्हणून आक्काला सांगितलं.

हो, आक्का तेव्हा घरीच होती. पंचमीला माहेरी आली होती, मुखेडहून. सणाला आलेल्या लेकीला सासरचं माणूस न्यायला येतं, तशी रीत. दिवाळी झाली, कुणी आलं नाही. संक्रांत आली तरी नाही. आक्कानं मायला कानात काय सांगितलं ते मला नंतर कळलं. तिच्या सासूबाई, आम्ही त्यांना मुखेडच्या मामी म्हणायचो, त्याही किल्ली कमरेला लावायच्या आणि पीठ मोजून द्यायच्या. आक्का पोटात दुखतंय म्हणाली म्हणून एकदा दोन दिवस तिला जेवायला दिलंच नव्हतं. आता देशमाने मास्तरांनी काही मुखेड बघितलेलं नव्हतं आणि मामींना तर नाहीच नाही. पण तसल्या सासवा गल्लोगल्ली होत्या, एकीवर लिहिलं की चौघींना बसायचं. अण्णांचं म्हणणं एवढंच, की कुणी न्यायला आलं की पाठवायची. “इज्जतीनं आले तर इज्जतीनं जाईल,” ते म्हणायचे. आक्काला तिकडं जायचं नव्हतं, हे मला माहीत होतं, कारण एसटी स्टँडवरून मुखेडची गाडी सुटायची त्या वेळेला ती घरात काही ना काही जोरात आपटायची.

आणि मला बाई काढायची तर आक्काशिवाय दुसरी बाई येत नव्हती. ती तूर निवडत बसायची, गुडघ्यावर हनुवटी टेकून, मी समोर बसून काढायची. तिचं इरकल लुगडं, कपाळ, आणि लहानपणी कळशी पडून भुवईत राहिलेली ती खाच, सगळं गोदीला गेलं. खाच छापल्यावर बरोबर त्याच भुवईवर यावी म्हणून मी आरशात बघून ती उलटी घातली होती. कौसल्याबाईंचं नाक मात्र मामींचं. ते मी मुद्दाम घातलं होतं, आणि आज सत्तरी ओलांडल्यावरही मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. फार चांगलं नाक कोरलं होतं मी.

कामाची रीत अशी होती की लाकूड कोरायला दिवस लागायचे आणि मजकूर जुळवायला एक दुपार. म्हणून चित्र आधी. मास्तर रविवारी चाकूरहून यायचे, धपाटं-दही खायचे आणि सांगायचे, “या वेळेला गोदी आडावर, घागर फुटलेली.” मी आठवडाभर ते कोरायची, अप्पा पहिलं पान चित्रासकट, गोष्टीपुरती जागा कोरी सोडून, आधीच छापून ठेवायचे, आणि मास्तर पुढच्या रविवारी येऊन छापलेलं चित्र समोर ठेवून त्याच्याबरहुकूम लिहून द्यायचे. चित्रात मी चुकून मांजर घातलं तर मास्तरांना मांजर लिहावं लागायचं. एकदा लिहिलंही. मास्तरांना त्याचं काही वाटायचं नाही, उलट ते मलाच विचारायचे, “सुमन, पुढं काय होईल गं हिचं?” जसं काही मला माहीतच होतं.

तर संक्रांत उलटल्यावर एका सकाळी मामी आल्या. बरोबर दाजी, म्हणजे आक्काचे नवरे, आणि लातुरातच राहणारे मामींचे भाऊ. एकमेकांना शरणार्थ म्हणून नमस्कार झाले, पाणी झालं. अण्णांचा चेहरा असा फुलला की मला त्यांचा राग आला. मायनं तिळाच्या पोळ्या वाढल्या, मामींनी पोटभर खाल्ल्या, हात धुतला, आणि पिशवीतून अप्पाच्या पेपरची चळत काढून अण्णांसमोर टाकली.

“इवाई, ही कोण?” त्यांनी आपल्या व्याह्यांना, म्हणजे अण्णांना विचारलं.

“ही गोदी हाय. गोष्टीतली.”

“आमची सून हाय ही. भुवई बगा. आन ही कोण, कौसल्या? हिचं नाक कुणाचं हाय? बाजाराच्या दिवशी मी निघाले की पोरं वरडायल्यात, कौसल्याबाई आली, पीठ झाका. बांगड्या भरायला गेले तर कासारीण मला विचारती, गोदीला जेवाय घातलं का म्हणून. तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई तुमच्या लेकीनं.”

मी दाराआड उभी होते. खरं सांगते, पहिल्यांदा मला भीती वाटली नाही, आनंद झाला. मुखेडच्या बाजारात लोकांनी लाकडातलं माणूस ओळखलं होतं! असा अभिमान मला पुढं कधीच वाटला नाही, लग्नात नाही, पोरं झाली तेव्हाही नाही. भीती नंतर वाटली, मामींचे भाऊ बोलायला लागले तेव्हा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. येत्या अंकात माहेरी गेलेली गोदी सासरी परत आलीय आणि कौसल्याबाई आपल्या हातानं तिला कोठीची किल्ली देतायत, असं चित्र यावं. मुखेडात ते सगळ्यांनी बघावं. तसं छापलेलं पान डोळ्यांनी बघितलं की सुनेला इज्जतीनं नेऊ. नसलं जमत तर राहू द्या तुमची लेक तुमच्या घरी, जन्मभर.

“चित्राप्रमाणं आम्ही वागू,” मामी म्हणाल्या. “माझा शब्द हाय.”

अण्णांना हे फार सोपं वाटलं. वीरभद्रअप्पांना बोलावणं गेलं. तेही म्हणाले, मास्तर चित्रामागनं लिहितात, तवा चित्र कोरलं की झालं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात आक्का आतून आली. हाताला पीठ तसंच. सासूसमोर उभं राहून ती कधी बोलली नव्हती.

“मामी, चित्रात देणार ती किल्ली घरी गेल्यावर मला देताव का?”

मामींना हा प्रश्न खरोखरच कळला नसावा. त्या रागावल्यासुद्धा नाहीत. “चित्राचं चित्रात, घरचं घरात,” त्या म्हणाल्या. “माझ्या कमरंची किल्ली मी हाय तवर कुणाला गावायची न्हाई.” दाजी जमिनीकडं बघत होते. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना जमीन फार आवडायची. आक्का त्यांच्याकडं थोडा वेळ बघत राहिली, आणि आत गेली. मग अण्णा घसा खाकरून मला म्हणाले, “सुमे, कोर ते.”

दुसऱ्या दिवशी मी माळवदावर उन्हात लाकूड घासत बसले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि लाकडावर पडू नये म्हणून मी मान वर करून घासत होते. आक्का वर आली आणि माझ्याजवळ बसली.

“तुकडा एवढासा हाय, दोघी मावतील का?” तिनं विचारलं.

“न्हाई. दोन तुकडे जोडावे लागतील. एकावर मामी, एकावर तू.”

आक्का म्हणाली, “मामींचा तुकडा त्या म्हणतेत तसाच कर. किल्ली चांगली मोठी दिसू दे. माझ्या तुकड्यात हात पुढं करू नको.”

“मग हात कुठं घेऊ?”

आक्का उठली. दोरीवरची कापडी पिशवी काढली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि माझ्यासमोर उभी राहिली. “असे. आन तोंड समोरनं काढ. आत्तापर्यंत कडंनंच काढलीस मला, चोरट्यासारखी.”

समोरून चेहरा काढणं अवघड असतं. बाजूनं काढला की नाकाची एक रेघ सगळं काम करते. समोरून नाकाला रेघच नसते, ते नुसत्या सावलीनं उठवावं लागतं, आणि डोळ्यात कलमाचं टोक तिळाएवढं सरकलं तरी माणूस तिरळं होतं. ती विलायती पानं मी पुन्हा उघडून बसले. मामींचा तुकडा आधी झाला. पुढं आलेला हात, लोंबणारी किल्ली, नाक. अप्पांनी तेवढ्याचं प्रूफ काढलं, अण्णांनी ते भावाकडं उतरलेल्या मामींना नेऊन दाखवलं, आणि मामींनी निरोप दिला, किल्ली झकास आलीय. दुसरा तुकडा मी कुणाला दाखवला नाही. तो कोरताना मला कुणाची भीती वाटत नव्हती. आक्का रोज दुपारी पिशवी धरून उभी राहायची, पाय दुखले तरी हलायची नाही, आणि तिच्याकडं इतकं सरळ मीही कधी बघितलं नव्हतं. आज माझे डोळे गेल्यात जमा आहेत, डॉक्टर त्याला वय म्हणतात. म्हणू देत. ते कुठं खर्च झाले ते मला माहीत आहे, आणि खर्च चांगला झाला.

दोन तुकडे जोडून अप्पांना दिले. त्यांनी ते लोखंडी चौकटीत आवळले, शाई फिरवली, पहिला कागद उचलला आणि बघतच राहिले. मला वाटलं, आता घरी सांगतील. पण अप्पा पेपर चालवणारे गृहस्थ होते. “ही घेती का न्हाई घेत?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “तुम्हीच बघा.” ते हसले. “हे बगितल्यावर पुढल्या अंकाला लोक दारात हुबे राहतील,” म्हणाले आणि पायानं चालवायचं छपाईचं ट्रेडल सुरू केलं.

रविवारी आमच्या घरी सगळेच जमले. मामी आणि दाजी आक्काला न्यायलाच आले होते, दुपारच्या मुखेडच्या गाडीनं जायचं ठरलेलं. मायनं खण-नारळ काढून ठेवला होता. आक्काची ट्रंक मात्र दिसत नव्हती. मास्तर नेहमीसारखे चाकूरहून आले, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ते जाऊन धपाट्यासमोर बसले. मग अप्पा आले आणि त्यांनी ओल्या शाईचं पान मधोमध पसरलं.

मामींनी आधी किल्ली बघितली आणि समाधानानं मान हलवली. मग त्यांची नजर सांध्याच्या त्या पांढऱ्या रेघेवरून पलीकडं गेली. गोदी समोर बघत होती. त्यांच्याकडं नाही, किल्लीकडं नाही, बघणाऱ्याकडं. हात पिशवीवर.

“हिचा हात का न्हाई पुढं?” मामी म्हणाल्या. “इवाई, हे काय हाय? ही घेईना का गेली?”

अण्णांनी पान जवळ ओढलं. ते फार वेळ बघत होते. भांड्यावर नाव घातल्यावर बघायचे तसं, चूक शोधत. त्यांना चूक सापडली नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

“चित्राप्रमाणं वागू म्हणला होता तुम्ही,” ते हळू म्हणाले. “घरी गेल्यावर किल्ली तर तुम्ही देतच न्हाई, मग ही घेईल कशी. हे बरोबरच काढलंय पोरीनं.”

त्यावर बोलले ते मास्तर. त्या भल्या माणसाला खोलीतलं काही दिसत नव्हतं, त्याला फक्त गोदी दिसत होती. धपाट्याचा हात धोतराला पुसत ते पानावर वाकले आणि म्हणाले, “वा, वा. म्हणजे किल्ली घेतच नाही ही. पण मग सुमन, ही जाते कुठं? मला आज लिहून द्यायचंय.”

मी हात कोरला होता, पुढचं मला माहीत नव्हतं.

“नांदेडला जाते,” आक्का म्हणाली. ती दाराच्या चौकटीत उभी होती. “दवाखान्यात नर्सचं शिकवतेत, तिकडं. राहायला जागा देतेत. तिनं विचारून ठिवलंय.”

मास्तरांनी खुशीत खिशातून पेन काढलं. मामी उठून उभ्या राहिल्या. दाजींनी पहिल्यांदाच मान वर केली. मायच्या हातात खण-नारळ तसाच. आणि मास्तर कागदावर पेन टेकवून थांबले, कारण त्यांना आता कुठं कळलं होतं की या घरात काहीतरी वेगळंच चाललंय. त्यांनी गोंधळून अण्णांकडं बघितलं.

अण्णा आक्काकडं बघत होते.

“लिहा मास्तर,” ते म्हणाले. “ती म्हणती तसं लिहा.”